लंडनहून काय आणले? दादासाहेब फाळके यांच्या १९१२ च्या प्रवासाचा संकल्पनाच्या दृष्टीने चिकित्सक विचार

सारांश

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा १९१२ चा लंडनप्रवास भारतीय चित्रपटाच्या इतिहासात बहुधा ध्येयवेडाची कथा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रवास एका प्रशिक्षित चित्रकाराने व मुद्रणव्यावसायिकाने पूर्वनियोजित हेतूने केलेला संकल्पनप्रवास म्हणून तपासला आहे. फाळकेंनी लंडनहून तयार कलाकृती किंवा तयार कारागीर आणला नाही, तर निर्मितीची संपूर्ण प्रक्रिया आणली आणि तिचे घटक आपल्या पूर्वीच्या कारागिरीच्या चौकटीत पुन्हा जुळवले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या यशाच्या मर्यादाही, विशेषतः कच्च्या फिल्मचे परावलंबित्व आणि संस्थात्मक रचनेचा अभाव, येथे विचारात घेतल्या आहेत.

बीजशब्द: दादासाहेब फाळके, संकल्पन, लंडनप्रवास, राजा हरिश्चंद्र, मुद्रणकला, प्रक्रिया, स्वदेशी

१. प्रस्तावना

मराठी वाचकाला फाळके चरित्राचा साचा परिचित आहे. गिरगावातील तंबूत पाहिलेला ख्रिस्तचरित्रावरील मूकपट, त्यातून मनात उमटलेली राम-कृष्णांची चित्रे, सततच्या चित्रपटदर्शनाने व रात्रंदिवसाच्या प्रयोगांनी अधू झालेली दृष्टी, गहाण टाकलेल्या विमा पॉलिसी, सरस्वतीबाईंचे दागिने, बोटीचा प्रवास आणि अखेर ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र'. ही घटनावली खोटी नाही. तथापि तिच्या कथनात एक असमतोल आहे. त्यागाचे प्रसंग विस्ताराने येतात आणि कामाचे तपशील एका वाक्यात उरकले जातात. फाळके लंडनला गेले, तेथे तंत्र शिकले आणि परत आले, इतकेच सांगितले जाते. दोन आठवड्यांच्या मुक्कामात एखादी व्यक्ती एक संपूर्ण उद्योग कसा काय शिकते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न गौण नाही. त्याचे उत्तर 'प्रतिभा' या एका शब्दात दिले, की अभ्यास तेथेच थांबतो. 'पाश्चात्त्यांचे अनुकरण' असे दिले, तर 'राजा हरिश्चंद्र' या कृतीचे स्वरूपच अनाकलनीय राहते. या दोन्ही उत्तरांच्या पलीकडे जाण्यासाठी प्रवासाच्या आधी काय होते, प्रवासात काय निवडले गेले आणि परतल्यावर निवडलेल्या गोष्टींचे काय झाले, या तीन टप्प्यांचा क्रमाने विचार करणे आवश्यक ठरते.

२. 'संकल्पन' या संज्ञेची व्याप्ती

आज ज्याला सर्रास डिझाइन म्हटले जाते, त्यासाठी येथे 'संकल्पन' ही संज्ञा वापरली आहे. वस्तूची सजावट एवढाच तिचा अर्थ येथे अभिप्रेत नाही. कोणती वस्तू, कोणासाठी, कोणत्या साधनांनी, किती खर्चात, कोणत्या क्रमाने व कोणाच्या हातून तयार व्हावी, याची आधी केलेली मांडणी म्हणजे संकल्पन. या अर्थाने मुखपृष्ठाला जसे संकल्पन असते, तसे ते छापखान्यालाही असते. चित्रकार कागदावर रेषा ओढतो तेव्हा त्याचे काम बहुतांशी तेथेच पूर्ण होते. शिळाछापाचा कारागीर मात्र प्रत्येक रेषेच्या वेळी दगड, शाई, कागद आणि दाब यांचा विचार करत असतो. फाळके हे या दुसऱ्या परंपरेतील कलावंत होते. त्यांच्या लंडनप्रवासाचा अर्थ लावताना हा मुद्दा केंद्रस्थानी ठेवावा लागतो.

३. प्रवासापूर्वीची तयारी

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळकेंनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. १८९० मध्ये ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही संस्था कला आणि उद्योग यांचे शिक्षण एकत्र देणारी होती. रंगाई, यंत्रकाम, रेखन आणि छायाचित्रण या विषयांत तेथे उच्चनीच भाव नव्हता. पुढे गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय, १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी, एका जर्मन जादूगाराचा सहवास आणि रविवर्मा छापखान्यासाठी फोटो-लिथोचे काम असा त्यांचा प्रवास झाला. मुंबई-पुणे लोहमार्गावरील मळवली येथे हलवलेला तो छापखाना देवदेवतांच्या रंगीत तसबिरी घरोघर पोहोचवत होता. एकाच चित्राच्या हजारो प्रती, अनेक दगडांवरून एकावर एक चढणारे रंग आणि रंगाचा एक थर किंचित सरकला तरी वाया जाणारा कागद, या शिस्तीत फाळकेंचा हात तयार झाला.

नोकरी सोडल्यानंतर त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. १९०९ मध्ये तिरंगी छपाईचे तंत्र व यंत्रसामग्री यांसाठी ते जर्मनीस गेले. म्हणजेच १९१२ चा प्रवास हा त्यांचा पहिला परदेशप्रवास नव्हता. परदेशी जाऊन यंत्र पारखणे, ते चालवून पाहणे, त्याला लागणाऱ्या पूरक सामग्रीचा हिशेब मांडणे आणि घरी येऊन ते सुरू करणे, या कामाची तालीम त्यांनी आधीच केलेली होती. चरित्रकथनात जर्मनीचा हा प्रवास बहुधा तळटीपेसारखा येतो. वास्तविक लंडनप्रवासाची गुरुकिल्ली त्यातच आहे.

ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिल्यानंतरच्या (१९१०–११) काळातही त्यांनी थेट बोट धरली नाही. मुंबईत दाखवले जाणारे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणे, हलक्या किमतीचा कॅमेरा व फिल्मच्या गुंडाळ्या मागवून प्रयोग करणे, सूचीपत्रे व पुस्तके मिळवणे आणि लंडनहून निघणाऱ्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे वर्गणीदार होणे, असा हा अभ्यास होता. या अभ्यासाची किंमत त्यांनी डोळ्यांच्या आजाराने चुकवली. पण त्यागाच्या कथेत हरवणारी गोष्ट अशी, की याच काळात त्यांनी आपल्या अज्ञानाच्या सीमा निश्चित केल्या. घरी बसून काय कळू शकते आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काय कळणार नाही, हे त्यांना प्रवासाआधीच माहीत झाले होते.

४. लंडनमधील निवड

फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी निघाले आणि १ एप्रिलला परतले. या दोन महिन्यांतील मोठा भाग समुद्रावर गेला. प्रत्यक्ष लंडनमधील मुक्काम दोन आठवड्यांच्या आसपास होता. फाळकेंनी पुढे 'नवयुग' मासिकात १९१७–१८ मध्ये लिहिलेल्या लेखमालेतून आणि प्रचलित चरित्रांतून या मुक्कामाचे चित्र मिळते. शहरात त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. ज्या साप्ताहिकाचे ते मुंबईत वाचक होते त्याची पाटी दिसताच ते कार्यालयात शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच अनेक निर्माते बुडत असताना भारताच्या उष्ण हवेत हा धंदा कसा टिकणार, असा त्यांचा व्यावहारिक आक्षेप होता. फाळकेंच्या उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि त्यांच्यामार्फत वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या निर्मितिगृहाचे दार उघडले. तेथे फाळकेंनी निरनिराळे विभाग व चमत्कृतीच्या चित्रणाची प्रात्यक्षिके पाहिली. कॅबोर्न व हेपवर्थ यांच्या सल्ल्याने त्यांनी विल्यमसन कॅमेरा नोंदवला. फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुलाई व छपाईची साधने आणि कच्ची फिल्म यांचीही तजवीज केली.

ही खरेदी एखाद्या आराखड्यासारखी वाचता येते. कॅमेरा ही त्यातील सर्वांत डोळ्यांत भरणारी वस्तू असली, तरी सर्वांत अर्थपूर्ण वस्तू ती नव्हे. त्या काळी कच्ची फिल्म बाजूच्या छिद्रांशिवायही मिळत असे आणि ती वापरण्यापूर्वी अंधारात छिद्रे पाडून घ्यावी लागत. छिद्रांचे अंतर चुकले तर चित्र पडद्यावर थरथरते. तिरंगी छपाईत रंगांचे थर जुळवताना जो प्रश्न येतो, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. छिद्रे पाडणे, धुणे आणि प्रती काढणे या तिन्ही गोष्टींची साधने घेणारा माणूस चित्रीकरणापुरता विचार करत नसतो. तो कारखान्याचा विचार करत असतो.

काय घेतले नाही, हेही तितकेच बोलके आहे. फाळकेंनी तंत्रज्ञ बरोबर आणला नाही, तेथील कथा आणली नाही आणि तेथे शिकाऊ म्हणून राहिलेही नाहीत. हेपवर्थ यांनी १९०० च्या सुमारास मोटारीचा स्फोट होऊन माणसे उडण्यासारखे चमत्कृतीपट केले होते. प्रेक्षकाला हसवणे आणि दचकवणे हा त्यांचा हेतू होता. फाळकेंनी त्या जातीची युक्ती घेतली, पण ती मोटारीपासून सोडवून देवतेच्या प्रकटीकरणाला जोडली. तंत्र आणि त्याचा मूळ उपयोग यांची अशी फारकत करता येणे हेच संकल्पकाचे लक्षण होय.

५. परतल्यानंतरची जुळणी

यंत्रसामग्री दादरच्या घरी आल्यावर फाळकेंनी लगेच कथापट हाती घेतला नाही. कुंडीत मटार पेरून त्यांनी त्याच्या वाढीचे चित्रण केले. सुमारे महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून बीजापासून वेलापर्यंतचा क्रम त्यांनी मिनिटभराच्या फिल्ममध्ये बसवला. हा लघुपट दाखवून भांडवल मिळवण्यात आले, म्हणून त्याची नोंद बहुधा आर्थिक युक्ती अशी होते. तांत्रिकदृष्ट्या मात्र ती संपूर्ण प्रक्रियेची चाचणी होती. कॅमेरा स्थिर राहतो का, प्रकाशाचा अंदाज बरोबर आहे का, इथल्या हवेत रसायने कशी वागतात आणि छिद्रे बरोबर पडतात का, या सर्व प्रश्नांची उत्तरे तीत मिळत होती. कॅबोर्न यांच्या हवेविषयीच्या आक्षेपाला दिलेले ते प्रत्यक्ष उत्तर होते.

या जुळणीत सरस्वतीबाई फाळके यांचे स्थान नेमके सांगणे आवश्यक आहे. अंधारात फिल्मला छिद्रे पाडणे, ती कॅमेऱ्यात भरणे, रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे ही कामे त्यांनी शिकून केली. याशिवाय चमूच्या स्वयंपाकाचा भार त्यांच्यावर होता. दागिने देणारी सहधर्मचारिणी ही त्यांची रूढ प्रतिमा अपुरी आहे. लंडनहून आलेल्या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक टप्पा ज्या हातांनी पेलला, ते हात त्यांचे होते. प्रवासाचे श्रेय प्रवाशाला मिळते, पण प्रक्रियेचे रोपण घरी राहिलेल्या माणसांकडून होते. चित्रपटाच्या इतिहासलेखनाने या गोष्टीची दखल उशिरा आणि अपुरी घेतली आहे.

कॅमेरा चालवण्याचे काम फाळकेंनी त्र्यंबक तेलंग यांना शिकवले. लंडनमध्ये एकाने पाहिलेली गोष्ट वर्षभरात मुंबईतील अनेकांच्या हाताची झाली. १९१७ मध्ये चित्रपटनिर्मितीची रीत दाखवणारा लघुपट फाळकेंनी केला. गुपित राखून धंदा करण्याच्या काळात स्वतःची प्रक्रियाच प्रेक्षकांपुढे मांडण्याची ही वृत्ती लक्षणीय आहे. 'कालिया मर्दन' (१९१९) च्या आरंभीही बालकलाकार मंदाकिनी फाळके हिचे मुद्राभिनय दाखवून मग तिचे कृष्णात रूपांतर होते. येथेही घडवणे आणि घडलेले रूप ही दोन्ही पडद्यावर येतात.

६. तीन प्रकारची देवाणघेवाण

फाळकेंच्या निवडीचे वेगळेपण समकालीनांशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन परिसरातील कुस्तीचे चित्रण केले. फिल्म धुण्यासाठी मात्र लंडनलाच पाठवावी लागली. रामचंद्र गोपाळ उर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळजवळ एक वर्ष आधी, त्याच कोरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण परदेशी छायाचित्रकाराने केले होते आणि पुढील प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती.

पहिला चित्रपट कोणाचा, हा वाद या तुलनेच्या आधारे अनेकदा रंगला आहे. तारखांच्या निकषावर तोरणे यांचा दावा दुर्लक्षिता येत नाही आणि प्रस्तुत लेखाला तो खोडायचाही नाही. येथे निकष वेगळा आहे. भाटवडेकरांच्या बाबतीत यंत्र मुंबईत आले, पण प्रक्रिया लंडनला राहिली. तोरणे यांच्या बाबतीत कथा व नट इथले होते, पण यंत्रामागचा हात आणि धुलाई परकी होती. फाळकेंच्या बाबतीत माणूस लंडनला गेला आणि प्रक्रिया इथे आली. पहिल्या दोन्ही उदाहरणांत प्रत्येक नव्या कृतीसाठी लंडनकडे पुन्हा जावे लागले असते. तिसऱ्यात दुसरा चित्रपट पहिल्यापेक्षा सोपा झाला. १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर' तयार होऊ शकला, तो यामुळे.

७. 'राजा हरिश्चंद्र'ची चौकट

प्रवासाचे संकल्पन कलाकृतीत कसे उतरले, हे पाहण्यासाठी उपलब्ध चित्रफीत अपुरी असली तरी मोलाची आहे. चार रिळांच्या मूळ चित्रपटापैकी आरंभीचा व शेवटचा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केला. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. उपलब्ध भाग १९१३ चा की फाळकेंनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे त्यावरून काढलेली अनुमाने फाळकेंच्या त्या दशकातील शैलीपुरती मर्यादित ठेवणे उचित होय.

आरंभीच्या दृश्यात हरिश्चंद्र पुत्राला धनुर्विद्या शिकवत आहे आणि शेजारी तारामती आहे. पात्रे प्रेक्षकाभिमुख, पूर्णाकृती आणि तसबिरीतल्यासारखी मांडलेली दिसतात. रविवर्म्याच्या चित्रांची आठवण येथे अनेकांना झाली आहे आणि फोटो-लिथोच्या कामाचा इतिहास पाहता ती स्वाभाविक आहे. परंतु तसबीर येथे जशीच्या तशी राहत नाही. राजा शिकारीला निघतो तेव्हा रंगवलेला राजवाडा मागे पडतो आणि मोकळे रान येते. त्या रानात, विश्वामित्राच्या यज्ञस्थळी, चमत्कृतीच्या चित्रणाला जागा मिळते. स्थिर तसबीर, हलते वास्तव आणि युक्तीने घडवलेला चमत्कार असे तीन स्तर एकाच कथेत येतात. पहिला स्तर छापखान्यातून, दुसरा छायाचित्रणातून आणि तिसरा जादू व हेपवर्थ यांच्या प्रात्यक्षिकांतून आलेला आहे.

आशीष राजाध्यक्ष यांनी १९८७ च्या आपल्या महत्त्वाच्या निबंधात फाळकेयुगाचा विचार पारंपरिक रूप आणि आधुनिक तंत्रज्ञान यांच्या संघर्षाच्या अंगाने केला आहे. या मांडणीने फाळके अभ्यासाला चरित्रगौरवातून बाहेर काढले, हे निर्विवाद आहे. तथापि संघर्षाची कल्पना दोन पूर्ण घडलेल्या गोष्टी समोरासमोर येतात, असे सुचवते. लंडनप्रवासाचे तपशील पाहता आधुनिक तंत्रज्ञान फाळकेंकडे पूर्ण घडलेल्या रूपात आलेच नाही, असे दिसते. ते सुटे भाग, पाहिलेली प्रात्यक्षिके आणि सूचीपत्रांतील माहिती या रूपात आले. त्याची जुळणी शिळाछाप, नाटकाचे पडदे आणि घरगुती श्रम यांच्या मदतीने इथे झाली. म्हणून संघर्षाबरोबरच जुळणी ही संज्ञाही फाळकेयुगाच्या समीक्षेत आवश्यक ठरते.

८. संकल्पनाच्या मर्यादा

या प्रवासाचे केवळ गुणगान करणे समीक्षेच्या दृष्टीने अप्रामाणिक ठरेल. फाळके आपल्या चित्रपटांना भांडवल, मालकी, कामगार आणि कथा या चार अर्थांनी स्वदेशी म्हणत. या यादीत न आलेल्या गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. तीत यंत्र नाही आणि कच्ची फिल्म नाही. ही गाळणी अनवधानाने झालेली नसावी. आपल्या स्वदेशीची सीमा कोठे संपते, याची त्यांना जाणीव होती, असेच तिच्यावरून म्हणावे लागते. परंतु सीमा ओळखणे म्हणजे ती ओलांडणे नव्हे. भारतात कच्च्या फिल्मचे उत्पादन उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६० च्या दशकात सुरू झाले. तोवर फाळकेंनी घातलेल्या पायावर उभा राहिलेला संपूर्ण उद्योग आयात फिल्मवर चालत होता.

१९१४ च्या दुसऱ्या प्रवासाने ही मर्यादा उघडी पाडली. या वेळी फाळके आपले तीन चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक दर्जाचे कौतुक केले आणि लंडनमध्ये राहून निर्मिती करण्याचा प्रस्तावही पुढे आला. तो नाकारून ते नाशिकच्या आपल्या कारखान्यासाठी नवी सामग्री घेण्याच्या विचारात होते. याच सुमारास महायुद्ध सुरू झाले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. पहिल्या प्रवासात त्यांना नेमके काय हवे ते ठाऊक होते आणि ते मिळण्याजोगेही होते. दुसऱ्या प्रवासात हवे होते ते भांडवलाचे स्थैर्य, आणि ते कोणत्याही दुकानात नोंदवता येत नव्हते.

निर्मितिप्रक्रियेचे इतके काटेकोर संकल्पन करणाऱ्या फाळकेंनी संस्थेचे संकल्पन मात्र तितक्या काटेकोरपणे केले नाही. १९१८ च्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी मतभेद झाले आणि ते काही काळ काशीला निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. छापखान्याच्या काळातही भागीदारांशी असेच बिनसले होते. यंत्र, रसायन आणि चौकट यांवरील त्यांची हुकमत भागीदारी, हिशेब आणि वितरण यांपर्यंत पोहोचली नाही. या अपयशाला केवळ कलावंताचा स्वाभिमान म्हणून गौरवणे म्हणजे त्यातून शिकण्यासारखे काही नाही, असे मानणे होय.

९. लोकस्मृतीतील प्रवास

परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाने फाळकेंची कथा नव्या पिढीपर्यंत पोहोचवली. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली होती. त्याचा पहिला मोठा गुण असा, की त्याने फाळकेंना शोकात्म वीर न करता हसतखेळत काम करणारा माणूस केले. दुसरा गुण शीर्षकातच आहे. चित्रपटात काम करणे अप्रतिष्ठित मानले जात असल्याने हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा, असा सल्ला फाळके आपल्या नटांना देत, ही आख्यायिका त्या नावामागे आहे. थट्टेने आलेला हा शब्द वस्तुतः अचूक आहे. ती फॅक्टरीच होती.

मात्र चित्रपटाच्या खेळकर सुरात एक किंमतही मोजावी लागली आहे. लंडनमधील प्रसंग भाबड्या उत्साहाच्या आणि मदतीला धावणाऱ्या परक्यांच्या अंगाने जातात. जर्मनीचा पूर्वानुभव, मुद्रणातील शिस्त आणि खरेदीमागचा हिशेब यांना त्या सुरात फारसे स्थान मिळत नाही. प्रेक्षक फाळकेंवर प्रेम करू लागतो, पण त्यांची कार्यपद्धती त्याच्या हाती लागत नाही. लोकप्रिय कलाकृतीकडून शोधनिबंधाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणूनच हे काम अध्यापक आणि अभ्यासक यांच्याकडे येते.

१०. औद्योगिक परिसरातील शिक्षणाच्या संदर्भात

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील महाविद्यालयांना हा प्रश्न दूरचा नाही. रहाटणी, काळेवाडी यांसारख्या वस्त्यांतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कोणी ना कोणी कारखान्यात कामाला असते. यंत्र बाहेरून आणणे आणि त्यावर आपले काही घडवणे, यांतील अंतर या परिसराच्या इतिहासातच कोरलेले आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने इटलीतील पियाजिओ कंपनीच्या परवान्याखाली व्हेस्पा स्कूटर बनवली. १९७१ मध्ये परवाना संपल्यावर १९७२ पासून 'चेतक' हे नाव आले. चेतकच्या बाह्यरूपावर व्हेस्पाची छाप होती, पण परवान्याच्या वर्षांत प्रक्रिया इथल्या कामगारांच्या हाती आली नसती, तर नाव बदलण्याने काहीच साधले नसते. 'राजा हरिश्चंद्र' आणि 'चेतक' यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. दोन्हींकडे विचारण्याचा प्रश्न मात्र एकच आहे: वस्तू आली की प्रक्रिया?

आज अभ्यासक्रमांत औद्योगिक भेटी, शैक्षणिक सहली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेले कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. कलाशाखेचे विद्यार्थी मुंबईतील कलादालने व चित्रनगरी पाहतात, तर विज्ञान व वाणिज्य शाखेचे विद्यार्थी कारखाने पाहतात. अहवाल, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे यांनी या भेटी पूर्ण होतात. विद्यार्थी कोणता प्रश्न घेऊन गेला आणि परतल्यावर त्याने स्वतःच्या हाताने कोणती चाचणी केली, याची नोंद ठेवणारा रकाना त्या अहवालांत बहुधा नसतो. फाळकेंचे उदाहरण या ठिकाणी प्रेरणेपेक्षा निकष म्हणून उपयोगी पडते. वर्षभराची तयारी, दोन आठवड्यांचे पाहणे आणि महिनाभराची चाचणी हे त्यांच्या प्रवासाचे प्रमाण होते. आपल्या सहलींत हे प्रमाण नेमके उलटे झालेले आहे.

११. निष्कर्ष

१. फाळके यांचा १९१२ चा लंडनप्रवास हा आकस्मिक ध्येयवेडाचा भाग नसून कलाशिक्षण, मुद्रणव्यवसाय आणि १९०९ चा जर्मनीप्रवास यांनी सिद्ध झालेल्या संकल्पनदृष्टीचा परिपाक होता.

२. छिद्रयंत्र, धुलाई व छपाई यांची साधने घेण्यावरून त्यांचे उद्दिष्ट एक चित्रपट नसून निर्मितीची स्वयंपूर्ण प्रक्रिया हे होते, असे दिसते.

३. प्रक्रियेच्या रोपणात सरस्वतीबाई फाळके आणि त्र्यंबक तेलंग यांचा वाटा मूलभूत आहे. एकट्या प्रवाशाच्या कथेत तो झाकला जातो.

४. 'राजा हरिश्चंद्र'ची शैली संघर्षाइतकीच जुळणीच्या कल्पनेने उलगडते.

५. कच्च्या फिल्मचे परावलंबित्व आणि संस्थात्मक रचनेतील उणीव या फाळकेंच्या संकल्पनाच्या वास्तव मर्यादा होत्या. १९१४ नंतरच्या अडचणींचे एक महत्त्वाचे कारण त्यांत सापडते.

महानगराकडे जाणारा प्रत्येक कलावंत तेथून काही ना काही घेऊन येतो. फाळकेंनी आणलेल्या पेट्यांतील यंत्रे केव्हाच कालबाह्य झाली. दादरच्या घरात, मटाराच्या कुंडीसमोर, त्या यंत्रांकडून काम करून घेण्याची जी रीत तयार झाली, ती मात्र तेलंगांसारख्यांच्या हातांत उतरली आणि पुढे गेली. त्यांच्या प्रवासाचे मोजमाप आणलेल्या यंत्रांच्या यादीपेक्षा या रीतीवरून करणे अधिक न्याय्य होईल.